चौघी आजारी

तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. खऱ्या दवाखान्यात तिला कुणी झाडूसुद्धा हातात दिला नसता. शाळा तिनं अर्ध्यावर सोडलेली, आणि रक्ताचा थेंब दिसला तरी तिला घेरी येई. पण बाहुल्यांच्या कारखान्यात मागच्या खिडकीखाली एक लांबलचक टेबल होतं. त्या टेबलाला दवाखाना म्हणत, आणि तिथं तिचं राज्य होतं.

ही म्हाताऱ्या मालकांची करणी. कारखाना काढला तेव्हाच त्यांनी दंडक घातला होता की बाहुलीला कुणी खराब, फुटकी किंवा रद्दी म्हणायचं नाही. रद्दी म्हटलं की हातही तसाच पडतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून इथली बाहुली कधी बिघडत नसे, आजारी पडे. मान ढिली झाली तर हिची मान धरली, केस सुटायला लागले तर हिचे केस गळतात. आणि बाहुल्या दोन, तीन, चार अशा मोजायच्या नाहीत. दोघी, तिघी, चौघी. नवीन आलेली बाई सुरुवातीला तोंड लपवून हसे, आणि थोड्याच दिवसांत तीच दुकानात जाऊन चौघी अंडी मागून मोकळी होई.

जी बरी होत नसे ती ‘गेली’. गेलेल्या बाहुलीचे डोळे डॉक्टरीण आधी काढून घेई. काचेचे डोळे बाहेरून येत, महाग पडत, आणि दुसरीला चालत. वाकड्या तारेचा एक हिसका दिला की डोळा तळहातावर येई. हे काम ती गप्पा मारता मारता करी. नव्या बाया मान फिरवत आणि तिला त्याची गंमत वाटे.

तिची नणंद रंगखात्यात होती. खरं तर आधी ती मैत्रीण होती. दोघी एकाच सुमाराला कामाला लागल्या, एकाच डब्यात जेवल्या, आणि मग नणंदेनंच मध्ये पडून आपल्या भावाशी तिची गाठ घालून दिली. भाऊ तिथंच बांधणीत होता, खोकी बांधायचा. नणंदेनं स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, एवढ्या लेकी रंगवून सासरी धाडल्या, आता पुन्हा कशाला. ओठ काढावेत तर तिनंच. एका फटक्यात वरचा, एका फटक्यात खालचा, आणि बाहुली काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारखी दिसे. दुकानदार मुद्दाम तिच्या हातच्या बाहुल्या मागून घेत.

मालकांच्या मुलांना बाहुल्यांत रस नव्हता. मालक थकले, आणि एका मोठ्या खेळणी कंपनीनं कारखाना विकत घेतला. त्या कंपनीनं त्या वर्षात असे बरेच छोटे कारखाने गिळले होते, आणि गिळून झाल्यावर प्रत्येक ठिकाणी कंपनीच्या अध्यक्षबाईंचा फोटो लागे. खाली लिहिलेलं असे, ‘आपण एक कुटुंब आहोत.’ कुटुंबात थोरलं कोण हे कळायला कुणाला वेळ लागला नाही. मालक जाताना प्रत्येकीपाशी थांबले, डोळे पुसले, आणि गाडीत बसले ते पुन्हा कधी दिसले नाहीत. त्यांनी साचे विकले, यंत्रं विकली, माणसं विकली. शब्दही विकलेत हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नसेल.

शब्द ज्यानं उचलले तो माणूस कंपनीच्या सामाजिक जबाबदारी विभागातला. कारखान्यात त्याला जबाबदारीसाहेब असंच नाव पडलं. वागायला माणूस लाखात एक. बाई उभी असेल तर स्वतः बसायचा नाही, आवाज कधी चढायचा नाही, प्रत्येकीच्या मुलाबाळांची चौकशी करायचा. पहिल्याच फेरीत त्यानं कुणाला तरी ‘ही आजारी आहे गं, दवाखान्यात ने’ असं म्हणताना ऐकलं आणि तो जागच्या जागी थबकला. डॉक्टरिणीजवळ येऊन त्यानं सगळं दोनदोनदा विचारून घेतलं. आजारी म्हणजे काय, गेली म्हणजे काय, चौघी का म्हणायचं. डोळे काढायचं तेवढं ऐकून तो म्हणाला की हे आपण बाहेर सांगू नये.

त्यातून कंपनीचा ‘बाहुल्यांचा दवाखाना’ निघाला. कुठल्याही मुलीनं आपली मोडकी बाहुली पाठवावी, कंपनी ती फुकट बरी करून धाडेल, सोबत ‘मी बरी झाले’ असं चिटोरं. ही कंपनीची समाजाबद्दलची माया. डॉक्टरिणीला पांढरा कोट शिवून मिळाला, गळ्यात घालायला छाती तपासायची खरीखुरी नळी मिळाली, आणि तिचा हसरा फोटो प्रत्येक खोक्यावर छापला गेला. वर तिला कारखान्याची प्रमुख नेमलं. जी बाई काल शेजारणीकडे सुई मागत होती ती आज सह्या करायला लागली.

हुरळून जायला आणखी काय लागतं? कोट ती धुवायला घरी आणी आणि बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. नणंदेला चेष्टेला निमित्तच झालं. रात्रीच्या जेवणाआधी ती मनगट पुढं करी आणि म्हणे, “वहिनी, माझी नाडी बघ.” डॉक्टरीण डोळे मिटून नाडी बघे आणि नवऱ्याकडे वळून गंभीरपणे म्हणे, “ही काही राहत नाही.” मग तिघंही पोट धरून हसत.

दवाखान्याची जाहिरात रंगखात्यात चित्रित करायची ठरली, कारण भिंतीवर रंगाचे शिंतोडे छान दिसत होते. पण वास बाहेर ओढणारा भिंतीतला मोठा पंखा घरघर करी आणि ती चित्रणात येई. म्हणून पंखा काढला. पोत्यात गुंडाळून दवाखान्याच्या टेबलाखाली ठेवला. भिंतीला राहिलेल्या भोकावर पुठ्ठा ठोकला आणि पुठ्ठ्यावर डॉक्टरिणीचा मोठा फोटो चिकटवला. चित्रण झालं, माणसं गेली, पंखा टेबलाखालीच राहिला.

त्याच सुमाराला रंगही बदलला. आता सगळ्या कारखान्यांना एकच रंग वरून येई. झटकन वाळे, पोपडे धरत नसे, आणि वास असा की डोक्यात खिळा ठोकल्यागत. बाया म्हणाल्या, सवय होईल. सवय झालीही. वास यायचा बंद झाला, आणि मग हातांना मुंग्या यायला लागल्या.

नणंदेच्या बाहुल्यांचे ओठ वाकडे व्हायला लागले. आधी कोपऱ्यात थोडे, मग चांगलेच. दवाखान्याच्या टेबलावर ओठांच्या आजारी बाहुल्यांचा ढीग लागला. आता प्रमुख म्हटल्यावर घरच्या माणसाला पाठीशी घातलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून डॉक्टरिणीनं ढीगच्या ढीग उचलून रंगखात्यात नेला, नणंदेसमोर ओतला, आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं की हात थरथरत असेल तर घरी बसावं, इथं लोकांच्या मुलींच्या बाहुल्या आहेत. नणंदेनं ढिगाकडे पाहिलं. तिनं त्यातली एक उचलली, ती हातातून पडली, पुन्हा उचलली. त्या दिवशी डॉक्टरिणीला आपण फार न्यायी आहोत असं वाटलं.

पण घरी ती आंधळी नव्हती. नणंदेच्या हातून कप पडे. केस बांधताना हात वर राहत नसे. चालताना पाऊल फटकन जमिनीवर आपटे. रंगखात्यातल्या आणखी तिघींचंही तेच चाललं होतं. शेवटी नणंदच म्हणाली की हे साहेबांच्या कानावर घाल.

साहेबांचा फोन रोज काम सुटायच्या वेळी येई. आज किती जणी बऱ्या झाल्या ते त्यांना लागे, कारण तो आकडा जाहिरातीत जायचा. त्या दिवशी फोन आला तेव्हा नणंद शेजारी भिंतीला टेकून उभी होती, बाकीच्या तिघी दारात.

“साहेब, रंगखात्यात चौघी आजारी आहेत.”

साहेब हसले. म्हणाले, चौघीच ना, तुमच्या हातून सहज बऱ्या होतील.

“नीट सांग त्यांना,” नणंद हळूच म्हणाली.

“साहेब, बाहुल्या नव्हे. बाया. माझी नणंदही आहे त्यात.”

मग साहेब म्हणाले, “बघतो.” आणि आज किती जणी बऱ्या झाल्या ते विचारून घेतलं.

बघतो म्हणालेत, डॉक्टरिणीनं चौघींना सांगितलं. चौघी पुन्हा जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो विषय काढला नाही. हिनंही काढला नाही, कारण त्याच दिवशी तिला कळलं होतं की अध्यक्षबाई स्वतः तिला भेटायला येणार आहेत. मोठ्या माणसाच्या येण्याआधी कुरकुर कशी करायची? अध्यक्षबाई आल्या, तिच्या गळ्यातली नळी कानाला लावून एका बाहुलीची छाती तपासली, फोटो निघाले, गेल्या. जाताना तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या की तुमच्यासारखी माणसं हीच खरी कंपनी. रंगखात्याचं दार तोवर लोटून ठेवलं होतं.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण ती स्वतः कधी कुणाला सांगणार नाही. पंखा तिच्या पायाशी होता. टेबलाखालचं ते पोतं तिच्या गुडघ्याला रोज लागायचं. शिडी होती, पाने होते, घरात नवरा होता जो असली कामं चुटकीसरशी करायचा. पुठ्ठा काढून पंखा बसवायला कुणाची परवानगी लागली असती? कारखान्याची प्रमुख तीच होती. पण पुठ्ठ्यावर तिचा फोटो होता.

नणंद जिन्यात पडली तेव्हा हातात काही नव्हतं, घाईही नव्हती. पाय नुसता दुमडला. खऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की रंगाच्या वाफेनं हातापायांच्या नसा गेल्यात. रंगापासून ताबडतोब दूर व्हायला हवं, आणि मोठ्या इस्पितळात लांबचे उपचार करायला हवेत. ते वेळेवर झाले तर हात परत येईल, पायही येईल. घरच्या घरी पडून राहिली तर जे गेलं ते गेलं. असा खर्च त्यांच्या घरात कुणाच्या बापजन्मी झाला नव्हता. तो कंपनीनं करायचा की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरणार होतं. कंपनीला आधी कळलं होतं का?

सरकारी तपासनीस येणार असं ठरलं, आणि त्याच्या आदल्या दिवशी जबाबदारीसाहेब आले. डॉक्टरिणीनं त्यांना दवाखान्याच्या टेबलाशीच चहा दिला. साहेबांनी आधी नणंदेची चौकशी केली, खरोखरच मनापासून केली, त्यांचा चेहरा उतरला होता. मग कप खाली ठेवला.

“तुम्ही काय ते खरंच सांगा,” ते म्हणाले. “माझं एवढंच म्हणणं आहे, आपल्या कारखान्याची भाषा बाहेरच्या माणसाला कळत नाही. ती त्यांना समजावून सांगा. आजारी म्हणजे काय, चौघी म्हणजे काय. तुमच्याइतकं ते कुणाला सांगता येणार?”

साहेब उठले, आणि निघता निघता, सहज आठवल्यासारखं, म्हणाले की कुठले कारखाने ठेवायचे आणि कुठले मिटवायचे ते वर ठरतंय. हा राहावा म्हणून आपण जिवाचं रान करतोय. एवढ्या साऱ्या बाया आहेत, तुमचे यजमान आहेत. आणि दवाखाना आहे.

त्या रात्री तिनं कोट धुतला आणि इस्त्री केला.

तपासनीस सर्दीनं बेजार झालेला, घाईत असलेला माणूस होता. तो कार्यालयात बसला, साहेब त्याच्या डाव्या हाताला. समोर डॉक्टरीण पांढऱ्या कोटात, आणि भिंतीशी खुर्चीत नणंद. भावानं तिला उचलून आणून बसवली होती, आणि डॉक्टरिणीनंच तिचे दोन्ही हात एकावर एक मांडीत ठेवून दिले होते, कारण तिला ते धड ठेवता येत नव्हते. आजारी पडलेल्यांपैकी एकीनं आधीच जबानी दिली होती की डॉक्टरीणबाईंनी आमच्यासमोर साहेबांना फोनवर सांगितलं, चौघी आजारी आहेत.

“असं तुम्ही म्हणालात?” तपासनिसानं नाक पुसत विचारलं.

“म्हणाले.”

“आजारी म्हणजे कोण?”

साहेब खिडकीबाहेर बघत होते. डॉक्टरिणीच्या मनात त्या क्षणी काय काय आलं ते तिनं नंतर स्वतःला अनेकदा समजावलं. सगळ्या बायांची पोटं आली, नवऱ्याचं काम आलं, कारखाना आला. कोटाचं तिनं स्वतःला कधी सांगितलं नाही.

“आमच्याकडे आजारी म्हणजे बाहुली,” ती म्हणाली.

“आणि चौघी?”

“बाहुल्याच. आम्ही तशाच मोजतो. कुणालाही विचारा.”

त्यात खोटा असा एक शब्द नव्हता. तपासनिसानं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी खोक्यावरची जाहिरात त्याच्यापुढे सरकवली. तीत तेच छापलेलं होतं. मग त्यानं, रीत म्हणून, नणंदेला विचारलं की तुम्हाला काही सांगायचंय का. दारातल्या तिघींना काम सुटायच्या गडबडीत पहिलंच वाक्य ऐकू आलं होतं, पण फोनच्या वेळी शेजारी तीच उभी होती. नीट सांग असं तिनंच म्हटलं होतं. तिनं एक वाक्य बोलायचा अवकाश होता.

नणंदेनं वहिनीकडे पाहिलं. फार वेळ नाही.

“वहिनी सांगते तसंच आहे,” ती म्हणाली.

डॉक्टरिणीला हायसं वाटलं. हे सांगायला लाज वाटते, पण वाटलं खरं. नंतर साहेबांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

तपासणीचा निकाल आला तो कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवला. कंपनीला आजाराची काहीच कल्पना देण्यात आली नव्हती. पंखा काढल्यावर पुन्हा बसवला गेला नाही, बाया आजारी पडत असूनही वर कळवलं गेलं नाही, हा सर्वस्वी कारखान्याच्या प्रमुखांचा हलगर्जीपणा. डॉक्टरिणीनं पुन्हा वाचायला लावलं. प्रमुख म्हणजे कोण, असं तिनं विचारलंसुद्धा. आजारी म्हणजे बाहुली हे सांगताना आपण काय सांगून बसलो ते तिला तेव्हा कळलं. बायांबद्दल मी वर कधीच बोलले नाही, असं तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं.

पुढचं झटपट झालं. अध्यक्षबाईंनी वर्तमानपत्रात दुःख व्यक्त केलं आणि कामगारांची सुरक्षितता हाच आमचा पहिला धर्म असल्याचं सांगून कारखाना बंद केला. तो बंद व्हायचा हे आधीच ठरलं होतं, नुसतं निमित्त हवं होतं, असं बांधणीतल्या लोकांना मागाहून समजलं. साचे ट्रकमधून दुसरीकडे गेले. दवाखानाही गेला. नव्या खोक्यांवर पांढऱ्या कोटातली वेगळीच बाई हसत होती, दिसायला हिच्याहून बरी. डॉक्टरिणीनं फोन केला तर जबाबदारीसाहेब बैठकीत असत. रस्त्यात जुन्या बाया तिला पाहून पलीकडच्या बाजूला जात. एकीनं तोंडावर विचारलं, “काय डॉक्टरीणबाई, आज किती जणी बऱ्या झाल्या?”

उपचारांचं कुणी नाव काढलं नाही. भावानं इकडून तिकडून हात पसरून पाहिले. जे सुरुवातीचे महिने महत्त्वाचे होते ते असेच गेले. नणंदेची बोटं वळली ती वळलीच. आता तिला उठवणं, न्हाऊ घालणं, केस विंचरणं, भरवणं, सगळं डॉक्टरीण करी. चांगलं करी. इतकं मन लावून की शेजारीपाजारी म्हणत, अशी वहिनी मिळायला नशीब लागतं. नणंद चुकूनही कधी टोचून बोलली नाही. वहिनी म्हणूनच हाक मारी, पाणी दे, उशी सरकव, एवढंच बोले. डॉक्टरिणीला वाटे, एकदा तरी हिनं ओरडावं. ते सुख नणंदेनं तिला दिलं नाही.

मग एक दिवस कंपनीकडून खोकं आलं. चौघींनाही आलं होतं म्हणे. माणुसकी म्हणून. आत एक बाहुली होती, नव्या ठिकाणी बनवलेली, ओठ यंत्रानं उमटवलेले. सोबत ते चिटोरंही घातलेलं, ‘मी बरी झाले.’ बहुतेक सवयीनं घातलं असावं, एवढा विचार करून क्रूर व्हायला तिथं कुणाला सवड नसणार.

डॉक्टरीण तेव्हा नणंदेला भरवत होती. भावानं खोकं उघडलं, चिटोरं वाचलं, आणि बाहुली बहिणीच्या मांडीवर ठेवून तो दारात जाऊन उभा राहिला. नणंदेनं खाली बघितलं. बराच वेळ ती त्या बाहुलीचे ओठ बघत होती. मग तिनं मनगट उचललं, जेवढं उचलता येत होतं तेवढं, आणि जुन्या चेष्टेच्या आवाजात म्हणाली, “वहिनी, माझी नाडी बघ.”

डॉक्टरिणीचा चमचा वाटीतच राहिला.

“बघ ना. मी गेले ना आता? मग डोळे काढून घे. तेवढेच चांगले आहेत, दुसरीला चालतील.”

दारातून भाऊ बाहेर निघून गेला. डॉक्टरिणीला काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं, पण जे आलं ते सगळं कारखान्यातलंच होतं, त्यात माणसाला सांगण्याजोगा शब्द एकही नव्हता. शेवटी तिनं चमचा भरला आणि पुढं केला. नणंदेनं आज्ञाधारकपणे तोंड उघडलं. दुसऱ्या कुणाच्या हातून ती खाणार होती?